‘दिवुस अंतोनिनुस’ : एका रोमन रौप्यनाण्याची ओळख

रोमन सम्राटांच्या नाण्यांवर सम्राटाची मुखाकृती व नाव असल्याने त्यांचा काळ ठरविणे सामान्यतः सोपे जाते. मृत्यूनंतर देवत्व पावलेल्या सम्राटांच्या नाण्यांबाबत मात्र हा नियम फसवा ठरतो. अशा नाण्यावर गौरविलेला सम्राट दिसतो. ते पाडणाऱ्याचे नाव बहुधा नसते. अँटोनायनस पायस याची स्मारकनाणी हे याचे बोलके उदाहरण होय.

७ मार्च १६१ रोजी अँटोनायनसचे निधन झाले. सिनेटने त्याला देवत्व बहाल केले व मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस या त्याच्या दत्तकपुत्रांनी स्मारकनाणी काढली. त्यांतील देनारियस हे चांदीचे नाणे सुमारे ३.३ ग्रॅम वजनाचे असते. दर्शनी बाजूस दाढीधारी, मुकुटविरहित मस्तक व ‘दिवुस अंतोनिनुस’ हा मुद्रालेख आढळतो. ‘दिवुस’ हा शब्द संस्कृत ‘देव’ शब्दाच्याच कुळातला. तथापि लॅटिनमध्ये तो देवपदास पोहोचलेल्या मानवासाठी रूढ झाला.

मागील बाजूस ‘कोन्सेक्रातिओ’, म्हणजे देवत्वप्रदान, या शब्दासह गरुड किंवा मजल्यामजल्यांची चिता असते. या चित्रांचा अर्थ हेरोडियन या इतिहासकाराच्या वर्णनावरून उलगडतो. सेप्टिमियस सेव्हेरस (मृत्यू २११) याच्या देवत्वविधीच्या निमित्ताने तो सांगतो की, सम्राटाची मेणाची प्रतिमा वर निमुळत्या होत जाणाऱ्या चितेत ठेवली जाई आणि अग्नी दिल्यावर शिखरावरून गरुड सोडला जाई. तो सम्राटाचा आत्मा स्वर्गात नेतो, अशी रोमनांची श्रद्धा होती. काही नाण्यांवर ‘दिवो पिओ’ (‘देवत्व पावलेल्या पायसला’) या लेखासह अँटोनायनसचा स्मृतिस्तंभ आहे. त्या स्तंभाचा केवळ पाया आज व्हॅटिकन संग्रहालयात उरला आहे.

खरी अडचण येथूनच सुरू होते. ‘दिवो पिओ’ व ‘कोन्सेक्रातिओ’ हे दोन्ही लेख असलेले आणखी एक चांदीचे नाणे आढळते. ते मार्कसच्या काळातील नसून सुमारे नव्वद वर्षांनंतर, ट्रेजन डेसियस (२४९–२५१) याच्या कारकिर्दीत पाडलेले मानले जाते. भेद लेखाच्या जागेत आहे. १६१ नंतरच्या देनारियसवर ‘दिवो पिओ’ मागील बाजूस येते, तर डेसियसच्या मालिकेत ते दर्शनी बाजूस, मस्तकाभोवती असते. शिवाय येथे मस्तकावर किरणांचा मुकुट आहे. नवा अभ्यासक त्यास देवत्वाचे चिन्ह समजण्याचा संभव असतो; वस्तुतः तिसऱ्या शतकात तो अंतोनिनियानुस या नाण्याची ओळखखूण होता. २१५ मध्ये कॅराकॅलाने सुरू केलेले हे नाणे देनारियसपेक्षा वजनाने अधिक असते, पण डेसियसच्या काळापर्यंत त्यातील चांदीचे प्रमाण पुष्कळच घसरले होते. नाणे झिजले असल्यास मुखाकृतीवर विसंबण्यापेक्षा मुकुट, लेखाची जागा व धातू पाहणे अधिक सुरक्षित.

मार्कस व व्हेरस यांना पित्याचे देवत्व वारसाहक्कासाठी उपयुक्त होते. डेसियसची निकड निराळी होती. फिलिपचा पराभव करून सत्तेवर आलेल्या या सेनापतीचा पूर्वीच्या सम्राटांशी रक्तसंबंध नव्हता. म्हणून त्याने ऑगस्टसपासून सेव्हेरस अलेक्झांडरपर्यंतचे दिवंगत सम्राट नाण्यांवर आणले असावेत. या मालिकेत कोमोडसला स्थान आहे. परंतु सिनेटने देवत्व दिलेला क्लॉडियस मात्र तीत नाही.