कर्णपुरा, पदमपुरा आणि 'धर्मयुद्ध'

औरंगजेबाची दख्खनची मोहीम म्हणजे निव्वळ धर्मयुद्ध, असे सभांत आणि मालिकांत ठासून सांगितले जाते. मग आपल्या शहरातल्या, म्हणजे जुन्या औरंगाबादेतल्या, पुऱ्यांचे काय करायचे? कर्णपुरा बिकानेरच्या करणसिंहाच्या नावाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा. सगळे मोगलांचेच सरदार. कर्णपुऱ्यातल्या देवीची नवरात्रातली यात्रा तर शहर आजही करते.

शत्रूंची यादी पाहा. 1681 मध्ये बंडखोर शहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला; त्याच्या पाठोपाठ, 1682 मध्ये, बादशाह औरंगाबादेत दाखल झाला. पोटच्या मुलाने मराठ्यांशी हातमिळवणी केली, ही भीती तख्ताची होती. त्यानंतर पडली ती 1686 मध्ये विजापूरची आणि 1687 मध्ये गोवळकोंड्याची मुसलमानी राज्ये. 'ती शियांची होती', हा यावरचा ठरलेला बचाव. गोवळकोंड्यापुरता तो ठीक. विजापूर दरबार मात्र दुसऱ्या इब्राहिमपासून सुन्नी होता. खुद्द बादशाहाचा काझी शेख-उल-इस्लाम याने या चढाईला धर्माचा कौल दिला नाही आणि पद सोडले. चढाई थांबली नाही.

युरोपातही निराळे घडले नव्हते. कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून 1618 मध्ये पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात कॅथलिक फ्रान्स 1635 मध्ये उतरला तो कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याविरुद्ध, प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने. आणि हे धोरण आखणारा फ्रान्सचा मंत्री रिशेल्यू होता चर्चचा कार्डिनल!

पण म्हणून धर्म हा नुसता बुरखा होता, असे म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. 1679 चा जिझिया, म्हणजे बिगरमुसलमानांवरचा कर, कागदावरचा नव्हता, तो वसूल होत होता. गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन याला दौलताबादेत कैद मिळाली. संभाजीराजांना 1689 मध्ये हालहाल करून मारले. अकबराला आश्रय आणि मोगल मुलखातली लूट यांचा राग त्यामागे होताच, पण एवढ्या फरकाचा हिशेब केवळ राजकारणाने लागत नाही. कोणाशी लढायचे हे तख्ताने ठरवले. हरलेल्याशी कसे वागायचे, यात धर्माचा हात होता. आणि तख्ताची अडचण झाली की धर्मालाही मुरड पडे: लढाई आणि दुष्काळाने रयत पिचली तेव्हा, 1704 मध्ये, याच बादशाहाने दख्खनचा जिझिया लढाई चालू असेतोवर माफ केला.