दिल्ली दरबारातील साधी वस्त्रे

परंपरागत वेष आजच्या जीवनात ठेवावा की टाकावा, हा वाद बडोद्याला नवा नाही. एका पोशाखापायी तेथील महाराजांवर सरकारपुढे दिलगिरी व्यक्त करण्याची पाळी आली होती. आणि तो पोशाख विलायती नव्हे, देशीच होता.

12 डिसेंबर 1911 रोजी दिल्लीस पाचव्या जॉर्ज बादशहांचा दरबार भरला. संस्थानिकांनी रत्नालंकार व मानचिन्हे धारण करून पूर्ण दरबारी थाटात यावे, असा संकेत होता. हैदराबादच्या निजामांमागून तिसरे सयाजीराव गायकवाड पुढे आले ते साध्या पांढऱ्या वस्त्रांत, रत्नभूषणांवाचून, हाती केवळ एक काठी घेऊन. त्यांनी एकदाच मुजरा केला आणि बादशहांकडे पाठ फिरवून ते चालते झाले. विलायतेतील वृत्तपत्रांनी गहजब केला. लंडनच्या चित्रपटगृहांतूनही तो प्रसंग दाखविला गेला. आपण गोंधळून गेलो होतो, असे महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्राने कळविले. तो गोंधळ होता की जाणूनबुजून केलेली अवज्ञा, यावर अद्यापि एकमत नाही.

साहेबाला देशी पोशाखाचे वावडे मुळीच नव्हते. उलट राजेरजवाड्यांनी जरीच्या अंगरख्यात आणि पाचूंच्या हारांत मिरवावे, हीच त्याची इच्छा होती. तोच देशी वेष त्याच्या हुकुमाबाहेर जाऊन साधा झाला, तेव्हा मात्र तो उद्धटपणा ठरला. सयाजीराव परदेशच्या प्रवासात कोट-पाटलोणही वापरीत. तेव्हा प्रश्न जुन्या-नव्याचा नसून, कोणी कोणासाठी नेमून दिलेला वेष, याचा होता.

त्याच 1911 साली महाराणी चिमणाबाईंनी मित्र नावाच्या विद्वानांसह लिहिलेला, हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी पडदा सोडला. 1927 साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा त्याच होत्या. नऊवारी लुगडे मात्र त्यांनी सोडले नाही. पडदा आणि लुगडे, दोन्ही परंपराच. परंतु पहिली चार लोकांत येण्याच्या आड येत होती, दुसरी येत नव्हती. कासोट्याच्या लुगड्याने कामास अडथळा होत नाही, हे शेतात राबणाऱ्या बायकांना कोणी सांगावयास नको.

त्यांच्या कन्या इंदिराराजे यांचा मार्ग निराळा. ग्वाल्हेरची ठरलेली सोयरीक मोडून त्यांनी 1913 साली लंडनमध्ये कुचबिहारच्या राजपुत्राशी विवाह केला आणि पुढे फ्रान्सहून मागविलेल्या तलम शिफॉनच्या साड्या राजघराण्यांत रूढ केल्या. कापड फ्रेंच, नेसणे देशी! त्याला परंपरा म्हणावे की फॅशन?

आज बडोद्याचे तरुण नवरात्रात चणियाचोळी व केडियूं घालून गरबा खेळतात आणि सकाळी पाटलोण चढवून कचेरी गाठतात. मराठी घरांतील नऊवारी बहुधा लग्नकार्यापुरती उरली आहे. तीही पुष्कळदा शिंप्याकडून शिवून आणलेली, निऱ्या अगोदरच टाचलेली.