दक्षिण भारतातील फ्लोरोसिस आणि पेयजल धोरण : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३७ ते २०२०)

प्रस्तावना

पाणी आणि आरोग्य यांच्या संबंधाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा पटकी, विषमज्वर, नारू यांसारख्या जंतुजन्य व परोपजीवी रोगांकडे जाते. साथ येते, माणसे दगावतात, शासनदरबारी नोंदी होतात आणि इतिहासकाराला साधने उपलब्ध होतात. पाण्यात विरघळलेल्या खनिजांमुळे होणारे रोग मात्र साथीसारखे येत नाहीत. ते वर्षानुवर्षे हाडांत साठत जातात आणि त्यांची नोंद मृत्यूच्या रकान्यात क्वचितच होते. फ्लोराइडच्या अतिरेकाने होणारा फ्लोरोसिस हा अशा रोगांपैकी प्रमुख होय. नलगोंडा जिल्हा केंद्रस्थानी ठेवून या रोगाचा शोध आणि भारतातील पेयजल धोरण यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोधाची पार्श्वभूमी

फ्लोराइडचा शोध दातांवरील डागांपासून सुरू झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. त्यांचे कारण कळण्यास पुढे तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीतील रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्यातील फ्लोराइडकडे बोट दाखविले. पुढे अल्प प्रमाणातील फ्लोराइड दातांची कीड रोखते असे दिसून आल्याने १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळण्यास प्रारंभ झाला.

याच दशकात मद्रास इलाख्यातील चित्र अगदी निराळे होते. तत्कालीन नेल्लोर जिल्ह्यातील पोदिली, दर्शी या भागांत माणसांचे कणे ताठरत होते, मान वळत नव्हती, सांधे आखडत होते. शॉर्ट, मॅकरॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचा संबंध पाण्यातील फ्लोराइडशी जोडला. भारतातील अस्थिफ्लोरोसिसच्या अभ्यासाचा प्रारंभ येथून मानला जातो. एकच मूलद्रव्य एका देशात नळाच्या पाण्यात घातले जात होते आणि दुसऱ्या देशात विहिरीच्या पाण्यातून माणसाला वाकवत होते. मात्रा ठरविते ते औषध की विष, हे आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यासही नवे नाही. परंतु सार्वजनिक पाणीपुरवठ्यात ही मात्रा कोण मोजणार, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

आहाराचा प्रश्न

१९४० मध्ये चिंतामण गोविंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील फ्लोरोसिसवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पंडित हे पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख झाले. मुलांच्या दातांवर डाग पडणे आणि प्रौढांची हाडे विकृत होणे यांमागील घटकांची तुलना त्यांनी केली व आहारातील न्यूनतेकडे, विशेषतः जीवनसत्त्व ‘क’च्या अभावाकडे, लक्ष वेधले. पाण्यातील फ्लोराइड तेवढेच असले तरी सर्वांना सारखाच रोग होत नाही, गरिबाला तो अधिक होतो, असा या दिशेने जाणाऱ्या संशोधनाचा आशय होता. धोरणकर्त्यांनी त्याची पुरेशी दखल घेतली असे दिसत नाही.

नलगोंडा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ पर्यंत मराठवाडाही त्याच हैदराबाद राज्याचा भाग होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १९५५ मध्ये ए. एच. सिद्दिकी यांनी नलगोंड्यातील फ्लोरोसिसचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी रोगाचे एक नवे रूप नोंदविले. यात गुडघे आत वळून एकमेकांवर घासतात आणि पाय बाहेरच्या बाजूस फाकतात. हा विकार वाढत्या वयाच्या मुलांमध्ये व तरुणांमध्ये दिसत होता. संस्थेतील पुढील संशोधनात ज्वारीप्रधान आहार घेणाऱ्यांच्या शरीरात भातप्रधान आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत फ्लोराइड अधिक टिकून राहते असे आढळले. रोगग्रस्त भागातील धान्यातील मॉलिब्डेनम व तांबे यांच्या प्रमाणाचाही विचार झाला. आहारात कॅल्शियम अपुरे असेल तर फ्लोराइडचा परिणाम तीव्र होतो, हेही मान्य झालेले आहे. ज्याच्या ताटात दूध नाही आणि भाकरीखेरीज फारसे काही नाही, त्याला तेच पाणी अधिक बाधते.

कामाचाही येथे संबंध आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम मानली जाते. सावलीत बसून दोन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात या मर्यादेतील पाण्यातून ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाईल. उन्हात राबून सहा लिटर पिणाऱ्या शेतमजुराच्या पोटात ९ मिलिग्रॅम. भारतीय मानकात १.० ही इष्ट मर्यादा वेगळी दिली आहे ती योग्यच. पण पर्यायी स्रोत नसल्यास १.५ पर्यंतची मुभा ठेवल्यामुळे व्यवहारात मुभाच नियम ठरली.

विंधन विहिरींचा काळ

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडकात खोल छिद्रे घेणारी यंत्रे भारतात आली. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात विंधन विहिरींचे महत्त्व अनुभवले. हातपंपाच्या इतिहासात तर महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. जालना आणि सोलापूर येथे मिशनरी कार्यकर्त्यांनी घडविलेल्या पंपांच्या अनुभवातून, विशेषतः सोलापूर पंपावरून, ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप विकसित झाला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून देशभर पसरला. ग्रामीण महाराष्ट्राने त्याला ‘हापसा’ हे नाव दिले.

या हापशाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पायऱ्यांच्या विहिरींत, बारवांत उतरून पाणी भरण्याची प्रथा मागे पडल्याने नारूच्या निर्मूलनास मोठी मदत झाली. १९९६ मध्ये भारतात नारूचा शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. पटकीचा धोकाही कमी झाला.

परंतु ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडकांच्या प्रदेशात खोल गेलेले पाणी फ्लोराइडयुक्त खनिजांच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहते. त्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट अधिक असेल तर फ्लोराइड सहज विरघळते. अशा पाण्याला रंग नाही, वास नाही, वेगळी चव नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइडची तीव्रता मात्र वाढते. ‘सुरक्षित पाणी’ म्हणजे जंतुरहित पाणी, या समीकरणावर उभ्या राहिलेल्या कार्यक्रमास हा धोका दिसणे कठीण होते. नेल्लोरमधील रोग विंधन विहिरींच्या कितीतरी आधीचा आहे, त्यामुळे सारा दोष त्यांच्यावर ठेवता येत नाही. तरीही १९३७ पासूनचे ज्ञान उपलब्ध असताना गावाचा पाणीप्रश्न सुटला की नाही हे पंपांच्या संख्येवरून ठरविले गेले, ही प्रशासकीय इतिहासातील गंभीर चूक म्हणावी लागेल. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टवर वसलेला असल्याने बचावला. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही तालुके बचावले नाहीत.

उपाय आणि लोकांचा दबाव

नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९७० च्या दशकात ‘नलगोंडा तंत्र’ विकसित केले. पाण्यात चुना व तुरटी ठरावीक प्रमाणात घालून ढवळायचे, साका खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी घ्यायचे, अशी ही पद्धत बादलीतही करता येते. स्वस्त म्हणून तिचे कौतुक झाले. पण तुरटीचे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व क्षारता यांनुसार बदलते, साका टाकायचा कोठे हा प्रश्न उरतो, आणि हे काम रोज करावे लागते. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईकडून प्रयोगशाळेची शिस्त अपेक्षिणारे तंत्र गावात टिकले नाही, यात नवल नाही. १९८६ च्या राष्ट्रीय पेयजल अभियानात फ्लोरोसिस नियंत्रण हे उपअभियान म्हणून समाविष्ट झाले. तेथेही भर यंत्रणेवरच राहिला.

नलगोंड्यातील लोकांची मागणी वेगळी होती. त्यांना गाळलेले भूजल नको होते, कृष्णेचे पाणी हवे होते. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत जल साधना समितीच्या पुढाकाराने या एका मतदारसंघात तब्बल ४८० उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची पुस्तिका झाली आणि मतदान पुढे ढकलावे लागले. त्याच निवडणुकीत सीमाप्रश्नासाठी बेळगावातही ४५६ उमेदवार होते, हे मराठी वाचकास आठवत असेल. त्यानंतर शासनाने अनामत रक्कम वाढविली. उमेदवारांची गर्दी त्यामुळे थांबली. पाणी यायला पुढे वीस वर्षे गेली.

२००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेलंगणातील ‘मिशन भगीरथ’ योजनेचे उद्घाटन २०१६ मध्ये झाले, नदीचे प्रक्रिया केलेले पाणी नलगोंड्याच्या गावांत पोहोचले आणि २०२० मध्ये राज्यात फ्लोराइडबाधित वस्ती उरली नसल्याचे शासकीय आकडेवारीत नमूद झाले. वस्तीचा उल्लेख यादीतून निघाला. ज्यांची हाडे आधीच वाकली होती ती सरळ झाली नाहीत, कारण या अवस्थेतील रोगावर औषध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे नोंदविली आहेत. कुष्ठमुक्त व्यक्ती, अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित, सिकलसेलग्रस्त यांचा त्यांत स्वतंत्र निर्देश आहे. फ्लोरोसिसचा नाही. अशा रुग्णास चलनविषयक दिव्यांगत्वाच्या सर्वसाधारण रकान्यात प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्या प्रकारच्या नावात पाण्याचा उल्लेख कोठेही येत नाही.