चिप, राष्ट्र आणि राखीव जागा

१९६२ च्या चीन युद्धानंतर एक गोष्ट दिल्लीला उमगली: संरक्षणाच्या इलेक्ट्रॉनिक साधनांसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहणे धोक्याचे आहे. १९६३ साली होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६६ साली तिचा अहवाल आला. त्याच विचाराच्या ओघात १९७६ साली मोहालीच्या ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स’ या सरकारी कंपनीला मंजुरी मिळाली. अमेरिकी कंपनीकडून तंत्र घेऊन १९८४ साली चिप तयार होऊ लागली. १९८९ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि कारखाना जळाला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत जग कितीतरी पुढे निघून गेले होते. २००६ साली तो अवकाश विभागाकडे गेला. अग्निबाणासाठीचा ‘विक्रम’ प्रोसेसर मात्र याच मोहालीत घडला.

हा इतिहास सांगणारे आग आणि सरकारी दिरंगाई यांपाशी थांबतात. मला त्यातली तिसरी बाजू महत्त्वाची वाटते. मोहालीचा कारखाना सरकारी होता, म्हणून त्याच्या नोकरभरतीला राखीव जागांचा नियम लागू होता. हा नियम कुणाच्या दयेतून आलेला नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, अनुसूचित जातींसाठी केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. मालकी कुणाची, यावर दार कुणाला उघडते हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

आता २०२१ कडे या. त्या डिसेंबरात केंद्राने चिप-उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०२४ साली गुजरातेतील धोलेरा येथे टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी यांच्या ९१,००० कोटींच्या कारखान्याला मान्यता मिळाली. अशा प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र उचलते. पैसा जनतेचा, कारण राष्ट्राच्या सुरक्षेचे; पण मालकी खाजगी, म्हणून राखीव जागा नाहीत.

माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझ्या वर्गात आज अशीच पहिल्या पिढीची मुले बसतात. त्यांचे आईबाप काडेपेटीवरही कर भरतात. त्या करातून उभ्या राहणाऱ्या कारखान्यात त्यांच्या वाट्याला यंत्रशाळा येणार, की फक्त फाटकावरची पहारेदारी?

खाजगी उद्योगाला अटी घालता येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तिथे २०२२ च्या चिप कायद्याखाली १५ कोटी डॉलरहून अधिक अनुदान मागणाऱ्या कंपन्यांना, कामगारांच्या मुलांच्या संगोपनाची योजना सादर करण्याची अट २०२३ साली घालण्यात आली. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडू शकते, तर अनुदानाच्या करारात प्रशिक्षणाचा आणि नोकरीतील वाट्याचा कलम इथे का नसावा?

राष्ट्र सुरक्षित हवेच. पण ज्याच्या उभारणीत आपला हात नाही, ते राष्ट्र आपले कसे म्हणायचे?