२४ जानेवारी १९०३ : सोन्याच्या गावाला पाणी

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली या सोन्याच्या गावात या दिवशी नळाच्या पाण्याचे औपचारिक उद्घाटन झाले. १८९३मध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या सोबत्यांना येथे सोने सापडले आणि ओसाड माळावर गोणपाटाची बिऱ्हाडे उभी राहिली. नदी नाही, पाऊस बेभरवशाचा. खारे पाणी लाकडे जाळून उकळायचे, वाफ थंड करून मिळेल ते विकायचे. घरातली बाई तोंड धुतलेल्या पाण्यातच कपडे धुई. विषमज्वराने कित्येक दगावले. अभियंता सी. वाय. ओकॉनर यांनी आठ पंपगृहांच्या बळावर ५०० किलोमीटरहून लांबचे पाणी चढावर आणले. मात्र पाणी पोहोचण्याआधीच, योजनेवरील टीकेच्या भडिमाराने खचून त्यांनी मार्च १९०२मध्ये आत्महत्या केली. ही जलवाहिनी आजही चालू आहे.