तारेची जाडी, मातीची ओल

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत पांढुर्णा आणि सौंसर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, ही दोन्ही गावे ज्यात होती तो छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि इथल्या मराठी घरांची राजधानी भोपाळ झाली. रेडिओ मात्र नागपूरचाच राहिला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले होते, आणि मध्यम लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. मराठी बातम्या, भजने, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, नाट्यगीते हे सगळे सरहद्द ओलांडून येत राहिले. घरातला आवाज सुधारण्याचा या पट्ट्यातला इतिहास इथून सुरू करावा लागतो, कारण इथे आवाज आधी मिळवावा लागे आणि मग चांगला करावा लागे. आज हाच विषय निघाला की बोलणे महागड्या केबलींवर आणि यंत्राखाली ठेवायच्या खास पायांवर येऊन थांबते. या दोन्हींमागे खरे शास्त्र आहे. पण ते कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ते समजून घ्यायला जुनी कारागिरी जास्त उपयोगी पडते.

व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन तारा लागत, एरियलची आणि अर्थची. एरियल म्हणजे दोन बांबूंमध्ये ताणलेली, टोकांना चिनी मातीचे गट्टू लावलेली तांब्याची तार. ते जमत नसेल तर खोलीतच आढ्याखाली टांगलेली तांब्याच्या जाळीची पट्टी. दुसरी तार जमिनीत जाई, आणि जमीन कोणती यावर तिचे काम ठरे. या भागातल्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला पाठ असतो. पावसात ती फुगते, वीज चांगली वाहून नेते; चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, गाडलेल्या सळईभोवती पोकळी होते आणि जोड सुटल्यासारखा होतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरायचा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे, ही रीत पडली. मीठ विजेची वाट सोपी करते, कोळसा ओल धरून ठेवतो. सुधारणा व्हायची ती तारेच्या शुद्धतेने नव्हे, तार जिथे मातीला भेटते त्या जोडाने. पुढे घरात ॲम्प्लिफायर आले तेव्हाही 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण स्पीकरमधून येऊ लागली की पाहायच्या गोष्टी त्याच राहिल्या: अर्थ नीट आहे का, आणि दोन यंत्रे दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली जाऊन त्यांच्यात वळसा तर तयार झालेला नाही ना.

कंपनाचा प्रश्न याहून जुना आहे, आणि तो वादकांनी यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी सोडवला होता. तबला आणि डग्गा चुंबळीवर ठेवतात ते केवळ लवंडू नयेत म्हणून नाही. भांडे सरळ फरशीवर टेकले तर त्याचा नाद फरशी खाते, आणि फरशीचा ठोका भांड्यात शिरतो. कापडाची ती चुंबळ दोन्ही वाटा बंद करते. तुकडोजी महाराजांच्या प्रभावाखाली विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या गावांत घरोघर पोचलेली खंजिरी हातातच धरलेली असते, म्हणून तिला चुंबळ लागत नाही. ग्रामोफोन आला तेव्हा मात्र हा प्रश्न उलटा झाला. आता कंपन हेच गाणे होते. ते सुईने खोबणीतून उचलायचे आणि बाकी कोणतेही कंपन सुईपर्यंत पोचू द्यायचे नाही. लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स असल्यामुळे बाहेरच्या हादऱ्याचे फारसे चालत नसे. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबियाने 33⅓ फेऱ्यांची एलपी आणली, 1958 च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि सगळा हिशेब बदलला. सुईचा भार पुढे दीड-दोन ग्रॅमवर आला. खोबणीतली सर्वांत बारीक वळणे एका मायक्रॉनपेक्षा लहान झाली, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सत्तरावा भागही नाही. तबकडी कापताना खर्ज दाबलेला असतो, तो वाजवताना ॲम्प्लिफायर पुन्हा उचलतो. 20 हर्ट्झच्या आसपास ही उचल मधल्या सुरांच्या तुलनेत दहापटीच्या घरात जाते. तेव्हा खोलीत कोणी चालले तर त्या पावलांची धम्मही दहापट होऊन स्पीकरपर्यंत जाई. तिथून ती पुन्हा सुईला हलवी आणि घुमण्याचे चक्र सुरू होई. एकाच पेटीत सुई आणि स्पीकर असलेल्या सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअरमध्ये आवाज वाढवायला मर्यादा पडे ती याचमुळे.

यावरचा उपाय 1961 मध्ये एडगर व्हिल्चर यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या टर्नटेबलमध्ये सोप्या रीतीने दाखवला. तबकडीची चकती आणि सुईचा दांडा एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगांवर टांगली, मोटार वरच्या पत्र्यावर वेगळी ठेवली आणि दोघांत फक्त रबरी पट्टा ठेवला. वाजत असताना त्यावर हातोडी मारली तरी सुई उडत नसे, असे प्रात्यक्षिक दाखवले जाई. यातले तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक रबरी आणि धातूच्या पायांची पारख त्यानेच होते. स्प्रिंग आणि तिच्यावरचे वजन मिळून एक स्वाभाविक झोका ठरतो. त्या झोक्याच्या सुमारे दीडपटीहून वरचे हादरे अडतात, त्या झोक्याजवळचे हादरे उलट वाढतात. 5 हर्ट्झवर झुलणारी स्प्रिंग मोटारीची घरघर थोपवते, पण माडीच्या लाकडी तक्तपोशीवर माणूस चालला तर तक्तपोशीची स्वतःची डुगडुग त्याच घरात पडते आणि सुई उडी मारते. अशा घरात महागडा पाया घेण्यापेक्षा यंत्र जमिनीवरून काढून भिंतीवर नेणे हाच इलाज. या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि त्यांतले कोनाडे यासाठी फार उत्तम होते. दोन हात रुंदीच्या भिंतीला पावलांनी हलवता येत नाही. रेडिओ कोनाड्यात ठेवायची पद्धत कंपनाचा विचार करून पडली असे म्हणता येणार नाही, पण तबकडी वाजवायला त्याहून चांगली जागा त्या घरात नव्हती.

1982 मध्ये सीडी आली आणि हे शास्त्र ज्या जागेवर उभे होते ती जागाच गेली. सीडीवर आकडे असतात. वाचताना चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची सोय त्या आकड्यांतच केलेली असते. जोवर दुरुस्ती पुरती होते तोवर हादऱ्याने आवाजाचा पोत बदलत नाही, आणि मर्यादा ओलांडली की थेट खंड पडतो. मोबाइलवरून येणाऱ्या गाण्यात तर हलणारे काही उरलेलेच नाही. तरीही टर्नटेबलसाठी शोधलेले उपाय ॲम्प्लिफायरखाली, सीडी प्लेअरखाली, एवढेच काय विजेच्या पट्टीखालीही विकले जातात. यावर म्हणतात की व्हॉल्व्हही कंप पावतो, मग ट्रान्झिस्टर का नाही? व्हॉल्व्हच्या आत बारीक जाळ्या पोकळीत ताणलेल्या असतात. त्यावर टिचकी मारली तर स्पीकरमधून टण्‌ ऐकू येते, हे खरे. ट्रान्झिस्टर हा घट्ट स्फटिक आहे, त्याच्यावर टिचकी मारून काही ऐकू येत नाही. जिथे काहीतरी हलते आणि त्या हलण्याची वीज होते, किंवा विजेचे हलणे होते, तिथे कंपनाची काळजी घ्यावी. म्हणजे सुई, आणि दुसऱ्या टोकाला स्पीकर. पोकळ लोखंडी कपाटावर ठेवलेला स्पीकर कपाटालाही वाजवतो. तोच कडप्प्याच्या जड लादीवर, खाली रबर घालून ठेवला की फरक कोणालाही ऐकू येतो.

केबलीचा इतिहास याहून छोटा आहे. 1970 च्या दशकापर्यंत स्पीकरला विजेच्या दिव्याचीच तार लावत. 1979 मध्ये अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल कंपनी काढली आणि तार हा स्वतंत्रपणे विकण्याचा माल झाला. आपल्याकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तारेची ओळख पूर्वीपासून काड्यांवरून होते: चौदा-छत्तीस, तेवीस-छत्तीस, चाळीस-छत्तीस. पहिला आकडा काड्यांचा, दुसरा एका काडीच्या गेजचा. हिशेब करून पाहावा. स्पीकर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तार लागते. चौदा-छत्तीसमध्ये तिचा विरोध साधारण 0.42 ओहम, चाळीस-छत्तीसमध्ये 0.15 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरला पहिल्या तारेने सुमारे 0.4 डेसिबल कमी मिळते, दुसरीने 0.2 च्याही आत. 4 ओहमच्या स्पीकरला हाच तोटा दुप्पट होतो, आणि स्पीकरचा विरोध सुरागणिक बदलत असल्याने बारीक तारेने स्वरांचा तोलही किंचित ढळतो. म्हणजे तारेने फरक पडतो, हे म्हणणे खोटे नाही. पण तो जाडीचा आणि लांबीचा फरक आहे, आणि चाळीस-छत्तीसपाशी येईतो तो जवळजवळ संपलेला असतो.

याचा सर्वांत सबळ पुरावा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्राच्या धंद्यात आहे. कीर्तनाच्या मंडपापासून 200 मीटरवर कर्णा लावायचा, तर तेवीस-छत्तीसच्या 400 मीटर तारेचा विरोध 10 ओहमच्या पुढे जातो. कर्णा 8 ओहमचा असेल आणि ॲम्प्लिफायर 30 वॅटचा, तर कर्ण्यापर्यंत 6 वॅटही पोचत नाहीत. बाकीचा तोटा वाटेतल्या तारेपायी. यावर साउंडवाल्याने उंची तार शोधली नाही. ॲम्प्लिफायरची 100 व्होल्टची लाइन घेतली, कर्ण्यापाशी लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावला, दाब वाढवून प्रवाह घटवला. आता त्याच तारेतून 28 वॅट पोचतात. दुबळा दुवा कोणता हे ओळखून तिथेच इलाज करण्याची ही समज खेड्यापाड्यांतल्या लाउडस्पीकरवाल्यांकडे होती, आणि आवाजाच्या छंदाने तिचा मान ठेवायला हवा.

यावर सर्वांत मोठा आक्षेप कानाचा आहे: आम्हाला नव्या केबलीने फरक ऐकू येतो, तो तुमच्या मोजमापात बसत नाही एवढेच. ऐकणाऱ्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण दोनपैकी एक आवाज अर्ध्या डेसिबलनेही मोठा असला तर तो मोठा न वाटता सरस वाटतो, आणि बदलताना जुन्या जोडावरचा गंज निघून गेलेला असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. यासाठी एबीएक्स पद्धतीच्या चाचण्या होऊ लागल्या. त्यांत पातळी जुळवून, कोणती तार लागली आहे हे न सांगता ऐकवतात. पुरेशा जाड तारांमधला फरक अशा चाचणीत टिकत नाही. एक जागा मात्र खुल्या मनाने मान्य केली पाहिजे. टर्नटेबलच्या सुईपासून येणारा संकेत अवघा 5 मिलिव्होल्टच्या आसपास असतो. त्या तारेवर जाळीचे आवरण चांगले नसेल तर विजेची गुणगुण शिरते, आणि तारेची धारिता जास्त असेल तर वरचे स्वर बदलतात. तिथे चांगल्या केबलीवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

विजेच्या शेवटच्या एका मीटरची महागडी केबल हा असाच प्रश्न. खांबावरून येणारी वीज कित्येक किलोमीटर साध्या ॲल्युमिनियमच्या तारेतून आलेली असते. ज्या फीडरवर विहिरींचे पंप चालतात तिथे दाब उतरतो, आणि त्याला केबल नव्हे, स्टॅबिलायझर लागतो. पण या साऱ्याहून मोठा बदल घराने केला आहे. मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर असलेली खोली आवाज काही शोषून घेई, काही फटींतून बाहेर सोडी. त्या जागी सिमेंटच्या भिंती, स्लॅब आणि गुळगुळीत टाइल्स आल्या, आणि सहाही बाजूंनी आवाज परत फिरू लागला. खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो हे वॉलेस सबिन यांनी हार्वर्डमध्ये 1895 पासून मोजले, तेही शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडत. गाद्या वाढल्या तसा घुमारा घटला, आणि त्यातून त्यांनी सूत्र काढले. पांढुर्ण्यातल्या नव्या घराच्या हॉलमध्ये एक टाळी वाजवावी, मग खाली जाड सतरंजी अंथरून, खिडकीला पडदा लावून दुसरी वाजवावी. या दोन टाळ्यांमधला फरक ऐकायला कोणतीही चाचणी लागत नाही.