माफीपत्र आणि मनोधैर्य : गोपाळ कृष्ण गोखले, १८९७

शाळेने योजलेल्या स्मृतिव्याख्यानात एखाद्या शिक्षकाविषयी बोलावे हे उचित होय, म्हणून मी फर्ग्युसन महाविद्यालयातील एका प्राध्यापकाच्या आयुष्यातले एक प्रकरण निवडले आहे. या प्राध्यापकाने लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक एके काळी शाळाशाळांतून चालत असे, आणि पुढे केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर तो बोलू लागला की सरकारी बाकांवरील मंडळी सावध होऊन ऐकत. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रात गौरवाने सांगण्याजोगे पुष्कळ आहे. भारत सेवक समाजाची १९०५ मधील स्थापना आहे, १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आहे. मी निवडलेले प्रकरण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मानहानीचे आहे. १८९७ साली त्यांनी जाहीर माफी मागितली, ते हे प्रकरण.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्लेगाची साथ १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्रथम ओळखली गेली व पुढील वर्षाच्या आरंभी पुण्यात फैलावली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याची नेमणूक झाली आणि मार्चपासून घरझडतीच्या कामावर गोऱ्या पलटणीचे शिपाई लावण्यात आले. बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणे, गाठी पाहण्यासाठी स्त्रीपुरुषांची अंगे तपासणे, संशयितांना विलगीकरणाच्या छावणीत नेणे, अंथरूण-पांघरूण जाळणे, असा तो क्रम होता. रोग खरा होता, त्याचा बंदोबस्त करणेही आवश्यक होते. पण ज्या समाजात परका पुरुष माजघरापर्यंतही येत नसे, तेथे हे सारे कोणत्या रीतीने झाले असेल याची कल्पना आपण करू शकतो. आपला हा धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तोच रोग १८९८ साली हुबळीत आला तेव्हा तेथे हाफकिन यांची लस फार मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. पुण्याच्या वाट्याला लशीच्या आधी सोजीर आले.

या काळात गोखले पुण्यात नव्हते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्याकरिता डेक्कन सभेने त्यांना विलायतेस पाठविले होते. एप्रिलमध्ये त्यांची साक्ष झाली आणि ती उत्तम झाली. वय अवघे तीस. मुत्सद्द्यांच्या उलटतपासणीला न डगमगणाऱ्या या तरुणाविषयी दादाभाई नौरोजी, दिनशा वाच्छा यांच्यासारख्या बुजुर्गांनाही कौतुक वाटावे, असा तो काळ होता. त्याच दिवसांत पुण्याहून मित्रांची पत्रे येऊ लागली. झडत्यांतील जुलमाचे वर्णन त्यांत होतेच. पण त्याहून भयंकर असा एक मजकूर होता. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असा तो मजकूर होता.

गोखल्यांनी हे सारे इंग्लंडमध्ये जाहीरपणे सांगितले. काही पार्लमेंट सभासदांपुढे सांगितले, आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राला मुलाखत दिली. पत्रे लिहिणारे लोक त्यांच्या विश्वासातले होते, म्हणून पत्रांतील मजकूर त्यांनी खरा मानला. दुर्दैव असे की, दरम्यान २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुलाखत जुलैच्या आरंभी छापून आली तेव्हा इंग्लंडातील वाचकांपुढे ती खुनाच्या बातमीला लागूनच आली. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे विचारणा केली. आरोप निखालस खोटे आहेत, असे उत्तर गेले. पुण्यातील प्रमुख नागरिकांना सरकारने विचारले. अशी तक्रार आपण केलेली नाही, असे त्यांनी कळविले.

गोखले जुलैच्या अखेरीस मुंबई बंदरात उतरले. त्या वेळचे वातावरण ध्यानात घेतल्यावाचून पुढील घटनेचा न्याय करणे कठीण आहे. पुण्यात जादा पोलीस बसविले गेले होते. नातू बंधूंना खटल्यावाचून अटकेत टाकले होते. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून २७ जुलैला पकडले होते. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांच्याकडे गोखल्यांनी पुरावा मागितला. निदान नावे उघड करण्याची परवानगी मागितली. कोणीही पुढे येईना. मग न्यायमूर्ती रानडे आदी वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय करून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जाहीर पत्र प्रसिद्ध केले. आपण केलेले आरोप सिद्ध करता येत नाहीत, म्हणून ते बिनशर्त मागे घेतो आणि गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद व त्या कामावरील शिपाई या सर्वांची निरपवाद क्षमा मागतो, असा त्याचा आशय होता. पत्रलेखकांची नावे त्यांनी दिली नाहीत.

लोक काय म्हणाले असतील ते सांगावयास नको. सरकारी गोटाने त्यांना खोटारडे ठरविले, स्वकीयांनी भित्रे ठरविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा ‘माफी मागणारा’ मनुष्य व्यासपीठावर बोलावयास नको, असा सूर निघाला आणि जो तरुण सहा-सात महिन्यांपूर्वी देशाचे नाव राखून आला होता, त्याला गप्प बसावे लागले. हा घाव त्यांना फार खोल लागला.

आता न्यायनिवाड्याचा प्रश्न. गोखल्यांचा पहिला दोष उघड आहे : स्वतः पाहिले नाही, ज्याची शहानिशा करण्याचे साधन हाती नाही, ते त्यांनी परदेशात जाहीरपणे सांगितले. त्यामागील कळकळ खरी होती, म्हणून दोष नाहीसा होत नाही. अन्यायाची बातमी ऐकून ज्याचे मन पेटते, त्याच्याच हातून ही चूक होते. ज्याचे पेटत नाही त्याच्यावर ती करण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून या दोषाकडे काहीसे कनवाळूपणे पाहणे मला योग्य वाटते.

पत्रे लिहिणाऱ्यांचे काय? त्यांना भेकड म्हणणे सोपे आहे, आणि काही अंशी ते खरेही आहे. मित्राला परमुलखात तोंडघशी पाडून ते घरी स्वस्थ बसले. परंतु नातू बंधूंची अवस्था त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आणि पुरावा द्यावयाचा म्हणजे काय द्यावयाचे होते? एखाद्या घरातील सून किंवा लेक चौकशीसमोर उभी करून, सर्व शहरादेखत तिच्याकडून ते वदवून घ्यावयाचे होते. १८९७ सालच्या पुण्यात कोणता बाप किंवा सासरा हे करील? सरकारला ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. ‘पुरावा द्या’ ही मागणी कायद्याने रास्त आणि व्यवहारात अशक्य होती, आणि त्या अशक्यतेचा लाभ सरकारने घेतला. लक्षात ठेवावे की, पुण्यातच राहणाऱ्या पंडिता रमाबाईंनी प्लेग रुग्णालयात तरुण मुलींना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्याच वर्षी मे महिन्यात वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली होती. तिचाही सरकारने इन्कारच केला. सिद्ध न होणे म्हणजे न घडणे नव्हे.

येथेच गोखल्यांच्या माफीतील उणेपणा दिसतो, आणि त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून तो सांगणे मला प्राप्त आहे. ‘मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून शब्द मागे घेतो’ एवढे म्हणणे त्यांच्या प्रामाणिकपणाला पुरेसे होते. ते त्याच्या पुढे गेले. शिपायांसह सर्वांची निरपवाद क्षमा मागताना, ज्यांच्या माजघरात हे शिपाई शिरले होते त्या घरांची सिद्ध होण्याजोगी गाऱ्हाणीही त्या माफीच्या पडद्याआड गेली. अतिरेकी कळकळीने झालेल्या चुकीची भरपाई त्यांनी अतिरेकी सरळपणाने केली. दोन्हींचे मूळ एकाच स्वभावात असावे असे मला वाटते.

मग या कृतीत धैर्य ते कोठे? पुष्कळ जण या प्रश्नाचे उत्तर देताना टिळकांचे उदाहरण समोर ठेवतात, आणि तुलना अटळही आहे. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात टिळकांवर खटला चालला. माफी मागून मोकळे व्हावे, असे काही हितचिंतकांनी त्यांना सुचविले होते. त्यांनी ते नाकारले आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा स्वीकारली. एकाने माफी मागितली, दुसऱ्याने नाकारली. म्हणून एक दुबळा आणि दुसरा शूर, असा हिशेब गेली शंभराहून अधिक वर्षे मांडला जात आहे. तो कच्चा आहे. टिळकांनी जे लिहिले होते त्यावर त्यांचा विश्वास कायम होता. माफी मागणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने खोटे बोलणे झाले असते. गोखल्यांच्या पायाखालचा आधार काढून घेतला गेला होता. आरोपाला चिकटून राहणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने खोटे बोलणे झाले असते. दोघांनाही मोहाची वाट उघडी होती. टिळकांना माफी मागून तुरुंग चुकविता आला असता. गोखल्यांना मौन धरून किंवा पत्रलेखकांची नावे सांगून लोकप्रियता राखता आली असती. नावे सांगितली असती तर सरकारची मर्जीही मिळाली असती. दोघांनीही ती वाट सोडली. हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक होते, आणि पक्षाभिमानाच्या धुळीत हे साम्य त्यांच्या अनुयायांना दिसू नये, यात आश्चर्य नाही. आजही आपल्याकडे कृतीचा न्याय करताना ‘कोणाच्या पथ्यावर पडले’ हे आधी विचारतात.

मनुष्याची पारख प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशीही होत असते. अमरावतीहून परतल्यावर गोखल्यांनी रागारागाने सार्वजनिक जीवन सोडले असते, तर कोणी दोष दिला नसता. १८९८ मध्ये पुण्यात प्लेग पुन्हा उसळला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून त्याच कामात उतरले. ज्या कामाने त्यांची अब्रू घेतली होती, त्याच कामात. घरोघर जाऊन लोकांची समजूत घालणे, रोग्यांची व्यवस्था पाहणे, हे त्यांनी केले, आणि अधिकाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. पुढील वर्षी ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले व १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळावर. तेथील त्यांची भाषणे आकडेवारीने ठासून भरलेली असत. ज्याचा आधार कागदावर दाखविता येणार नाही असे विधान ते सहसा करीत नसत. ही सवय कोठून आली असावी, हे निराळे सांगावयास नको.

१९०५ मध्ये वाराणसीच्या काँग्रेसचे अध्यक्षस्थान त्यांना मिळाले. अमरावतीच्या व्यासपीठावरील अबोला आठ वर्षांनी असा संपला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते पुण्यात वारले, तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरून स्मशानात आले आणि चितेजवळ उभे राहून गोखल्यांविषयी गौरवाने बोलले. पुण्याहून ती पत्रे लिहिणाऱ्यांची नावे गोखल्यांनी अखेरपर्यंत जाहीर केली नाहीत.